डबीवरचा पक्षी

१

सकाळी दुकान उघडलं तर भिंतीवरच्या खिळ्याला नुसतं फडकं लटकत होतं. साचा नव्हता.

मी खाली बघितलं, भट्टीमागे बघितलं, कांद्याच्या पोत्यातही हात घातला. लोखंडाचा साचा आपल्या पायांनी पोत्यात जाऊन बसत नाही, हे मला कळतं. पण बायको गेल्यानंतर कितीतरी दिवस मी हिलासुद्धा स्वयंपाकघरात शोधत होतो. साचा तर वस्तू होती.

बाहेरच्या माणसाला डबी म्हणजे काय ते सांगावं लागतं. पावाचे दोन चौकोनी काप, मध्ये चीज, कांदा आणि उकडलेला बटाटा. हे सगळं साच्यात घालायचं. साचा म्हणजे लोखंडाची दोन पानं, एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला लांब दांडे. मिटायचा आणि विस्तवावर धरायचा. पावाच्या कडा दबून चिकटतात, आतलं आत राहतं आणि बाहेरून खरपूस होतं. झाकण लावलेल्या डबीसारखं दिसतं म्हणून डबी.

स्टेशनाजवळ तिच्यात अंडं घालतात. नदीपलीकडे सफरचंद आणि साखर. पण ते सगळे मागाहून आले. जुनी दुकानं दोनच, एकाच रस्त्यावर. वरच्या टोकाला आमचं, खालच्या टोकाला त्याचं. त्याला आम्ही खालचाच म्हणतो. आम्ही कांदा कच्चा घालतो, तो शिजवून. डबी आधी कुणी केली यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे, आणि घरांचं बंद म्हणून रस्त्याचंही बंद आहे. वरची माणसं खालची डबी खात नाहीत, खालची वरची खात नाहीत. उपाशी राहतील, पण खाणार नाहीत.

आमच्या डबीच्या एका बाजूला पक्षी उमटतो, दुसरी बाजू सपाट. पक्ष्याच्या चोचीत एक काडी आहे. ती लांबत लांबत कडेपर्यंत जाते आणि तिथेच तुटते. कोरणाऱ्याला जागा पुरली नाही, असं आमच्यात म्हणतात. खालच्यांच्या डबीला पक्षीच नाही, असंही म्हणतात. आता दुकानात भाजायला नवे साचे आहेत, याच जुन्यावरून पाडलेले. जुना माझ्या सासूचा. तिच्यानंतर तो हिच्या हातात होता. त्याच्या लाकडी मुठीवर हिच्या अंगठ्याचा खळगा पडलेला आहे. ही गेल्यापासून त्यात काही भाजलं नाही. मी रोज त्याला तेल लावतो, पुसतो, टांगतो. दुसरं काम सुचत नाही.

त्याच दिवशी दुपारी शहराच्या संग्रहालयात डबीचा विभाग उघडायचा होता. दोन्ही घरांनी आपापले जुने साचे घेऊन यायचं, संग्रहालयाच्या बाई ते तपासणार, मूळचा ठरेल तो काचेत जाणार आणि खाली पितळी पाटीवर पहिली डबी करणारीचं नाव लागणार. दवाखान्यात ही मला म्हणाली होती, "पाटीवर नाव खरं लागू दे." मी म्हटलं, लावीन. तिने माझ्याकडे मागितलेली ती शेवटची गोष्ट. आणि खिळ्याला फडकं लटकत होतं.

मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ, दुकान आम्ही दोघं चालवतो.

"भाऊजी, बसा आधी. पाणी घ्या."

"बसू कसला? कुलूप बघ. तुटलेलं नाही."

"मग?"

"मग काय, खालच्याने किल्ली करून घेतली असेल. आज त्याला दाखवतो."

मी तसाच रस्त्याने खाली निघालो. कधी गेलो नव्हतो इतका खाली गेलो. भांडायला वाक्यं जुळवत होतो. पोचलो तर दाराला फळी आडवी लावलेली आणि तिच्यावर खडूने लिहिलेलं: आज डबी नाही.

खालच्याचा बाप वारला त्या दिवशीही ते दुकान उघडं होतं.

२

परत आलो तेव्हा विहीणबाई गल्ल्यापाशी उभ्या होत्या. माझी एकुलती मुलगी त्यांच्या घरात दिलेली. कार्यक्रमासाठी दोघी सासूसुना आदल्या संध्याकाळी बसने आल्या होत्या. विहीणबाई विमा कंपनीत होत्या. आग लागली, चोरी झाली असं म्हणणाऱ्यांच्या घरी जाऊन खरं-खोटं करायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्या, पण सवय काही निवृत्त होत नाही.

"व्याही, चपला उलट्या घातल्यात तुम्ही," त्या म्हणाल्या. "बसा."

"विहीणबाई, पोलिसांत जायचं म्हणतो."

"जा की. त्यांना सांगा, माझा लोखंडी साचा गेला. ते विचारतील, भंगारात किती येतील? आधी मला सांगा, हे फडकं तुम्ही असं ठेवलंत?"

मी बघितलं. फडकं चार घड्या घालून टांगलेलं होतं. तेलकट बाजू आत, कोरडी बाहेर. हाताला तेल लागू नये म्हणून ही तशी घडी घालायची.

"मी नुसतं अडकवतो," मी म्हटलं. "मेहुणा बोळा करतो."

"मी कुठे बोळा करतो?" मेहुणा म्हणाला.

"हातातला रुमाल दाखवा," विहीणबाई म्हणाल्या.

त्याने दाखवला. बोळाच होता.

"किल्ल्या कुणाकुणाकडे?"

"माझी, याची आणि पोरीची. हिची किल्ली आता पोरीकडे असते."

विहीणबाई मेहुण्याकडे वळल्या. "तुम्ही काल दुकान बंद केल्यावर परत आला होतात."

मेहुण्याचा चेहरा पडला. "तुम्हाला कोण म्हणालं?"

"कुणी नाही. आता तुम्हीच म्हणालात."

मी त्याच्या अंगावर गेलो. विहीणबाईंनी मध्ये हात घातला. "व्याही, माणूस चोर ठरला की मारायचं. आधी मारलं तर तो रागावून खरं सांगत नाही. हां, काय आणलंत इथे?"

मेहुणा गुपचूप मागच्या खोलीत गेला आणि पोत्याखालून एक खोकं ओढून आणलं. आत विजेवर चालणारं यंत्र होतं. प्लग लावायचा, झाकण दाबायचं, दिवा लागला की काढायचं.

"कार्यक्रम झाला की सांगणार होतो," तो म्हणाला. "माझे हात आता विस्तव सोसत नाहीत, भाऊजी. तुम्ही कांदे कापता, भाजतो मी. ताई होती तोवर ठीक होतं."

"आणि साचा?"

"साचा मी आलो तेव्हा खिळ्यावर होता. आईची शपथ. तिचा साचा चोरून मी काय करू, त्यात माझीच आई आहे ना?"

विहीणबाईंनी यंत्राचं झाकण उघडून मिटून बघितलं. "हे खरं बोलतात," त्या म्हणाल्या. "खोटं बोलणारा एवढी लाजिरवाणी गोष्ट आधी दाखवत नाही. ते काकडीचं लोणचं कुणी हलवलं?"

कोपऱ्यात चिनी मातीची बरणी असते. तिच्यात काकड्या वर येऊ नयेत म्हणून ताटली आणि ताटलीवर नदीतला गोटा ठेवलेला असतो. आज गोटा खाली जमिनीवर होता.

मी झाकण काढलं. ताटलीवर गोट्याच्या जागी काहीतरी चौकोनी ठेवलेलं होतं, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेलं. उघडलं तर हातात साच्याचं एक पान आलं. सपाट पान. दांड्यासकट.

अर्धा साचा घरातच होता. चोराने फक्त पक्षी नेला होता.

३

"अर्धा साचा कोण चोरतो?" मेहुणा म्हणाला. "अर्ध्यात भाजणार काय, पापड?"

विहीणबाई पान उजेडात धरून बिजागरीची भोकं बघत होत्या. "खिळा ठोकून तोडलेला नाही. तेल सोडून, वाट बघून, हळू काढलाय. आणि उरलेलं पान टाकून दिलं नाही. ओल लागू नये म्हणून गुंडाळून ठेवलं. असा प्रेमळ चोर मी नोकरीत एकही पाहिला नाही."

आम्ही घरी गेलो. घर दुकानाच्या मागेच. मुलगी टेबल पुसत होती. पुसून झालेलं परत पुसत होती.

"मिळाला का, बाबा?"

"अर्धा."

तिने फडकं खाली ठेवलं. "बसा ना तुम्ही. सकाळपासून पाय वाजतायत तुमचे."

मी बसलो नाही. खिडकीशी गेलो, परत आलो. साचा गेला म्हणजे पाटी गेली, पाटी गेली म्हणजे हिला दिलेला शब्द गेला. घड्याळ बघायची भीती वाटत होती.

विहीणबाई मात्र खुर्चीत ऐसपैस बसल्या आणि पिशवीतून कागदाची पुडी काढली. "मला भूक लागली की विचार करता येत नाही. काल बसमधून उतरल्यावर स्टँडजवळच्या दुकानातून ही घेतली होती. अर्धी उरली."

मेहुणा दचकला. "स्टँडजवळ? म्हणजे खालच्याची?"

"दुकानाचं नाव मी वाचलं नाही. वास चांगला होता."

"अहो, हळू बोला. दारात गिऱ्हाईक असेल तर आमची अब्रू जाईल."

"तुमची अब्रू माझ्या पोटात का ठेवता? मी तुमच्या रस्त्यावरची नाही. मला वरचं-खालचं काही नाही."

मुलीने तांब्याभांडं त्यांच्यासमोर ठेवलं. "सासूबाई, पाणी घेऊन खा. शिळी झाली की आतली मोहरी जास्त झोंबते."

विहीणबाई सुनेकडे बघत राहिल्या. मग पुडी न उघडताच म्हणाल्या, "व्याही, तुमच्या बायकोचं शेवटी जेवण कसं होतं?"

हा काय प्रश्न झाला? पण त्यांनी सहज विचारला नव्हता, म्हणून मी सांगितलं. हिला काही जात नव्हतं. एक दिवस म्हणाली, डबी खावीशी वाटते. मी पळत घरी आलो. कांदा बारीक कापला, साच्यात केली, गरम नेली. तिने एक घास घेतला आणि म्हणाली, छान आहे, नंतर खाते. खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी पोरीने करून आणली. ती मात्र सगळी संपवली. कागदाला चिकटलेलं चीजसुद्धा बोटाने काढून खाल्लं. मला वाईट वाटलं होतं आणि बरंही वाटलं होतं. म्हटलं, पोरीच्या हाताला हिची चव आली.

बोलता बोलता मी कांदा आणि सुरी घेतली होती. कांद्याचं एक बरं असतं, डोळ्यांना कारण मिळतं.

मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

विहीणबाई उठल्या. "तुमच्या दुकानातली एक ताजी डबी आणा," त्यांनी मेहुण्याला सांगितलं. "चोर सापडला. पण मला तो सापडायला नको होता."

४

त्यांनी टेबलावर दोन पुड्या ठेवल्या. आमची उघडली आणि पक्ष्याची बाजू वर करून ठेवली. पक्षी उजवीकडे बघत होता. मग कालची उघडली. अर्धीच होती, कडेला दातांच्या खुणा. ती उलटी केली.

तिच्यावर पक्षी होता. डावीकडे बघणारा, चोचीत काडी. काडी कडेपर्यंत जाऊन तुटलेली.

"त्यांच्या डबीला पक्षी नाही," मी म्हटलं. तोंडातून तेच आलं.

"कुणी पाहिलं होतं?"

मी मेहुण्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. असं आम्ही ऐकत आलो होतो. बघायला कोण गेलं होतं?

"सगळ्या शहरात हे दोन तुकडे एका टेबलावर कुणी ठेवले नाहीत," विहीणबाई म्हणाल्या, "कारण दोन्हीकडचं खाणारं माणूसच तुमच्यात नाही. हा पक्षी तुमचा, तो त्यांचा. साच्याचं एक पान कोरलेलं आणि एक सपाट, असं कोणता लोहार करतो? मुळात दोन पानांवर दोन पक्षी होते. साचा एकच होता. नंतर तो सोडवून प्रत्येक घराने एकेक पक्षी नेला आणि दुसरं पान सपाट करून घेतलं. म्हणजे तुमचाही अर्धाच जुना आणि त्याचाही अर्धाच."

मेहुणा दोन्ही तुकडे जवळ ओढून बघायला लागला.

"आता चोर. कुलूप तुटलेलं नाही, म्हणजे किल्लीवाला. व्याही स्वतः चोरून स्वतः बोंबलणार नाहीत, एवढं नाटक त्यांना जमत नाही. मामांचा बोळा असतो. फडक्याची घडी तुमच्या बायकोची, म्हणजे तिने हाताला धरून शिकवलेल्या कुणाची. आणि किल्ली असलेल्यांपैकी खालची डबी कुणी खाल्ली आहे? व्याही, खालच्यात मोहरी असते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"मामा?"

"कांदा शिजवतात एवढंच ऐकलं होतं."

"पुडी बंद होती," विहीणबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून सुनेला म्हणाल्या, "पाणी दिलंस ते मायेने दिलंस गं. त्यातच सापडलीस."

मुलगी वळली. रडत नव्हती. हिच्यासारखीच, रडायच्या वेळी हनुवटी वर करणारी.

"आईने मला दवाखान्यात सांगितलं, बाबा. तुम्ही केलेली डबी तिने ठेवून दिली ना, त्या दिवशी. म्हणाली, मला लहानपणची हवी आहे. खालून आण. मला वाटलं, भ्रमात बोलतेय. मग सगळं सांगितलं. आजी आणि त्यांची आई मैत्रिणी होत्या. दोघींची एकच गाडी होती, एकच साचा. आजी भरायची, त्या भाजायच्या. आई आणि खालचे काका गाडीखाली बसून करपलेल्या कडा खायचे."

"मग फाटलं कशावरून?"

"कांद्यावरून."

"कांद्यावरून?"

"आजी म्हणाली कच्चा, त्या म्हणाल्या शिजवलेला. कुणीच मागे हटेना. शेवटी लोहाराकडे जाऊन साचा सोडवला."

मी सुरी खाली ठेवली. हिच्या आईसाठी मी त्या रस्त्यावर आयुष्यभर मान वाकडी करून चाललो होतो.

"मला का सांगितलं नाही तिने?"

"म्हणाली, बाबांना मीच सांगते, तू नको सांगू. आणि मग..." तिने हनुवटी आणखी वर केली. "मग तिचं राहून गेलं. मी सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, तिने तुमच्यापासून लपवलं."

"लपवलंच की."

"हो," मुलगी म्हणाली. "लपवलंच."

"आणि आज सगळ्यांसमोर दाखवणार होतीस? मला तोंड कुठे लपवायचं ते तरी सांगायचं होतंस."

"सकाळी साचा जोडून झाला की आधी तुमच्याकडेच आणणार होतो. पण बिजागरीचा खिळा अडकला. आणि तुम्ही लवकर दुकान उघडलंत, खाली जाऊन आलात, पोलीस पोलीस म्हणायला लागलात. माझी हिंमत गेली."

"जोडून झाला की आणणार होतो?" विहीणबाई म्हणाल्या. "होतो म्हणजे कोण कोण?"

तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली.

५

दारात खालचा उभा होता. हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. मी त्याला इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. म्हातारा झाला होता. कपाळावर विस्तवाचा चट्टा, हिच्या मनगटावर होता तसाच.

"मारायचं असेल तर मारा," तो म्हणाला, "पण हे आधी खाली ठेवू द्या. जड आहे."

त्याने ते उंबऱ्यावर ठेवलं.

"पोरीला बोलू नका. ती फक्त पान घेऊन आली. सोडवायला मी शिकवलं, जोडलं मी."

"तू दवाखान्यात यायचास?" मी विचारलं. अहो-जाहो सुचलं नाही.

"तुम्ही घरी गेलात की यायचो. तुम्ही सारख्या येरझाऱ्या घालायचात, म्हणून जिन्याखाली थांबावं लागायचं. ताई म्हणायची, त्यांना एकदा सांगितलं की मग उजळ माथ्याने ये."

"ताई?"

"मग काय म्हणू? तिने मला चालायला शिकवलंय, गाडीच्या चाकाला धरून."

तो गोणपाट उलगडत होता. साचा होता. दोन पक्षी, दोन दांडे. एका मुठीवर हिच्या अंगठ्याचा खळगा. दुसऱ्या मुठीवरही खळगा होता, रुंद, कुणा दुसऱ्या बाईचा.

मनात आलं, आत्ता हे पान सोडवून घेऊ शकतो. खिळा काढायचा, आपलं सपाट पान लावायचं, बाईंसमोर ठेवायचं आणि सासूचं नाव पाटीवर चढवायचं. मुलगी काही बोलली नसती. खालचाही गप्प राहिला असता, असं त्याच्या तोंडाकडे बघून वाटलं. शब्द पाळला गेला असता.

पण हिने आईचं नाव लाव असं म्हटलंच नव्हतं. नाव खरं लागू दे, म्हणाली होती. पुढचं मी माझ्या मनाने जोडलं होतं.

"उंबऱ्यात का उभा आहेस?" मी म्हटलं. "आत ये. उशीर होतोय."

६

संग्रहालयात वरची माणसं डावीकडे उभी होती, खालची उजवीकडे. मध्ये टेबल. मी आणि खालचा एका दारातून आत आलो तेव्हा कुजबूज झाली. दोघांत एकच साचा बघून तीही थांबली.

बाईंनी हातमोजे घालून साचा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "हा एकच? मग मूळचा कुणाचा?"

"दोघींचा," मी म्हटलं. घसा साफ करून पुन्हा मोठ्याने म्हटलं, कारण मागे ऐकू गेलं नव्हतं. कुणीतरी वरच्यांतून ओरडलं, "काका, विकले गेलात काय?" विहीणबाईंनी मागे वळून बघितलं. तो गप्प झाला.

"पाटीवर आधी कुणाचं नाव घालू?" बाईंनी विचारलं.

खालचा म्हणाला, "यांच्या सासूबाई वयाने मोठ्या."

"भाजायची तुझी आई," मी म्हटलं. "भाजल्याशिवाय नुसता पाव आणि कांदा. तिचं आधी."

त्याने नाक पुसलं.

काचेत ठेवण्याआधी एकदा भाजून दाखवा, असं बाई म्हणाल्या. मेहुण्याने आवारात शेगडी पेटवली. मुलीने पाव कापला. खालच्याने साचा उघडून धरला आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या एका बाजूला आमचा कच्चा कांदा ठेवलेला, दुसऱ्या बाजूला त्याचा शिजवलेला. दोन्हीकडच्या माणसांच्या माना पुढे आल्या.

"कांदा कोणता?"

"तुझा घाल," मी म्हटलं. "मोहरीसुद्धा. हिने शेवटी तीच खाल्ली होती."

विस्तवावर त्याने भाजलं. हिच्या बाजूचा दांडा मी धरला. माझा अंगठा हिच्या खळग्यात नीट बसला नाही. तिचा हात लहान होता.

साचा उघडला. एका बाजूला आमचा पक्षी. काडी चोचीतून निघाली, कडेपर्यंत गेली, आणि थांबली नाही. कडेवरून वळली, पलीकडे गेली आणि दुसऱ्या पक्ष्याच्या चोचीत पोचली. एकच काडी होती. कोरणाऱ्याला जागा पुरली होती.

मुलीने डबी मधोमध मोडली. अर्धी मला दिली, अर्धी त्याला. मोहरी नाकात गेली आणि डोळ्यांतून पाणी आलं. या वेळी कांद्याचं निमित्त सांगता आलं नाही.

"व्याही," विहीणबाई खुर्ची पुढे सरकवत म्हणाल्या, "आता तरी बसा."

मी बसलो.